फॉल्ट सापडला नाही

भाचीच्या लग्नात मामाला तसं एकच काम असतं. तिला बोहल्यापर्यंत न्यायचं आणि अंतरपाट दूर होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही. २०२२ च्या मे महिन्यात, कराडजवळच्या एका कार्यालयात, १२ वाजून ३४ मिनिटांच्या मुहूर्तावर मी हेच काम करत होतो आणि तिसरं मंगलाष्टक संपता संपता माझी खात्री पटली, की मी आता मरणार.

अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावीच, तसं छातीत झालं. मग धडधड सुरू झाली. कार्यालयाचा बँड छातीतच वाजतोय की काय, इतकी. हवा मिळेना. मी मोठमोठे श्वास घ्यायला लागलो तर आणखीच मिळेना. ओठांभोवती मुंग्या, बोटांत मुंग्या. व्हिडिओवाल्याचा लाइट पांढरा होत होत सगळ्या हॉलभर पसरला आणि समोरची माणसं पुठ्ठ्याची कापून उभी केल्यासारखी दिसायला लागली. वरच्या पट्टीत मंगलाष्टक म्हणणाऱ्या मावशींचा आवाज पाण्याच्या टाकीतून यावा तसा. आणि दर कडव्याच्या शेवटी शेकडो लोक एका सुरात मला बजावत होते: सावधान.

रामदासस्वामी याच शब्दाला बोहल्यावरून पळाले, अशी गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार जिव्हाळा वाटला. पण ते नवरदेव होते, मी मामा. मामा पळाला तर मुलीकडच्यांची शोभा होते.

वाजंत्री वाजली, सगळ्यांनी शेवटच्या अक्षता टाकल्या. माझ्या तशाच राहिल्या, कारण हात उघडेना. बोटं सरळ ताठ, एकमेकांना चिकटलेली, अंगठा तळव्यात ओढला गेलेला. दाजींनी माझं तोंड पाहिलं, नवरदेवाच्या चुलत्याची गाडी मागितली, आणि मामाची पंगत दवाखान्यात बसली.

तिथं जे करायला हवं ते त्यांनी केलं. ईसीजी काढला. नाडी १२८. रक्तदाब १६०/१००. बोटाला लावलेल्या चिमट्यावर ऑक्सिजन ९९. हृदयाच्या स्नायूला इजा झाली तर रक्तात ट्रोपोनिन वाढतं, ते एकदा पाहिलं आणि काही तासांनी पुन्हा पाहिलं. मधल्या वेळात नर्सने माझा हात हळूहळू सोडवला. अंगठ्याखाली पाचसहा तांदूळ होते, घामाने कुंकू सुटून तळवा लाल झालेला. संध्याकाळी तरुण डॉक्टर आला, कागद चाळले आणि म्हणाला, "काका, सगळं नॉर्मल आहे. काही नाही झालेलं तुम्हाला. टेन्शन घेत जाऊ नका."

ताईच्या सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. दाजी म्हणाले गॅस. एक साडू म्हणाले ऊन. बायको काहीच म्हणाली नाही, तिने फक्त माझ्या शर्टाची वरची दोन बटणं लावली.

"काही नाही झालेलं" या वाक्याने मला पुढचे चार महिने छळलं. त्यामागे माझ्या धंद्याची सवय आहे, ती सांगायला हवी. मी विजेच्या ३३/११ केव्हीच्या उपकेंद्रात यंत्रचालक आहे. तेव्हा नोकरीची २६ वर्षं झालेली. आमच्याकडे एखादा फीडर, म्हणजे गावांकडे वीज नेणारी लाइन, ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, की आधी पॅनलवर बघायचं कुठल्या रिलेचा फ्लॅग पडलाय. रिले म्हणजे बिघाड ताडून लाइन तोडायला लावणारं उपकरण. जुन्या रिलेंना काचेआड छोटी पट्टी असते, रिले चालला की ती खाली पडते. जादा करंटचा (ओव्हरकरंट) की करंट जमिनीत उतरल्याचा (अर्थ फॉल्ट), ते वहीत लिहायचं, वेळ लिहायची आणि मगच फ्लॅग रिसेट करायचा. लाइनवाले जाऊन लाइन बघून येतात. कधी फांदी सापडते, कधी जळालेला कावळा, कधी काहीच नाही. मग फीडर चार्ज करून, म्हणजे पुन्हा वीज सोडून, बघायचा. राहिला तर वहीत ओळ येते: फॉल्ट सापडला नाही, चार्ज केला, राहिला. अशा शेकडो ओळी मी लिहिल्या आहेत. पण 'काही झालं नाही' असं एकदाही लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर मेमो मिळाला असता. ब्रेकर उघडला, चार गावं अंधारात गेली, आणि काही झालं नाही?

माझ्या अंगात त्या दुपारी काहीतरी ट्रिप झालं होतं आणि फ्लॅग कुठले पडले हे कोणी लिहून घेतलंच नव्हतं.

एकोणीस दिवसांनी दुसरा झटका आला, तोही झोपेत. रात्री दोनच्या सुमारास दचकून उठलो तेव्हा तो निम्मा होऊन गेलेला होता. स्वप्न पडलेलं नव्हतं. (हे पुढे कळलं: असे रात्रीचे झटके बहुधा हलक्या झोपेतून गाढ झोपेत उतरताना येतात, स्वप्नांच्या टप्प्यात नव्हे.) तिसरा आला न्हाव्याच्या खुर्चीत. मानेला कापड घट्ट बांधलेलं, गालाला साबण, वस्तरा कानाजवळ, उठून जाता येत नाही. 'उठून जाता येत नाही' एवढं मनात आलं मात्र. अर्धी दाढी केलेल्या अवस्थेत मी बाजारपेठेतून घरी आलो. त्यानंतर खुर्ची बंद, दाढी घरी. साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो म्हणून पुणं बंद. लग्नं बंद. खिशात कायम जिभेखाली ठेवायची गोळी, जी मला कुठल्याही डॉक्टरने लिहून दिलेली नव्हती. चार महिन्यांत सहा ईसीजी. सहाही नॉर्मल. प्रत्येक नॉर्मल रिपोर्टचा दिलासा साधारण जेवणापर्यंत टिकायचा.

शेवटी एका फिजिशियननी चिठ्ठीवर मानसोपचारतज्ज्ञांचं नाव लिहिलं. गावात होते एक, पण मी जाणूनबुजून साताऱ्याच्या बाईंकडे गेलो आणि वेटिंग रूममध्ये बसेपर्यंत डोक्यावरचं हेल्मेट काढलं नाही. समोर माझ्याच गावचे एक निवृत्त गुरुजी मफलर गुंडाळून बसलेले, सप्टेंबर महिन्यात. आम्ही एकमेकांना ओळख दिली नाही. आता देतो.

बाईंनी 'कसलं टेन्शन आहे?' असं विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "आधी काय झालं? त्याच्यानंतर? मग? क्रमाने सांगा." मी सांगत गेलो आणि त्या लिहीत गेल्या. फ्लॅग बघणारं पहिलं माणूस मला तेव्हा भेटलं. धडधड, घाम, कंप, दम कोंडणं, छातीत दाटणं, मुंग्या, भोवळ, आजूबाजूचं खोटं वाटणं, मरणाची भीती. मानसोपचारवाल्यांच्या यादीत अशी एकूण १३ लक्षणं आहेत, त्यातली किमान ४ एकदम उसळून काही मिनिटांत कळसाला पोचली तर तो पॅनिक अटॅक. माझी नऊ भरली. मला उगीचच पास झाल्यासारखं वाटलं.

मग प्रिस्क्रिप्शनच्या पॅडवर त्यांनी डोकं काढलं आणि दोन बाजूंना दोन बदाम. कानशिलाच्या आत खोलवर, मेंदूच्या दोन्ही अंगांना, पेशींचे असे पुंजके असतात. नावही बदामच, फक्त ग्रीक: अमिग्डाला. धोका आहे की नाही हे ताडणाऱ्या यंत्रणेतला तो एक मोठा भाग. जोसेफ लेडू नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की कानातून आलेला निरोप इथे दोन रस्त्यांनी पोचतो. एक लांबचा, मेंदूच्या विचार करणाऱ्या थरातून जाणारा. दुसरा आडवाटेचा, जवळचा. जवळच्या वाटेने आलेली बातमी अर्धवट असते पण आधी पोचते, आणि तेवढ्यावर शरीर हलतं. दोरीला साप समजून आपण उडी मारतो, ती या वाटेने. दोरी आहे हे लांबच्या वाटेने कळतं, तोवर चप्पल कुठे आणि आपण कुठे. (अमिग्डाला म्हणजे 'भीतीचं केंद्र' असं जिथेतिथे छापून येतं, त्यावर स्वतः लेडू पुढे नाराज झाले. धोका ताडणं आणि भीती वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. रिलेला करंट कळतो, भीती ऑपरेटरला वाटते.)

तिथून पुढचं काम नसांचं. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून निरोप पाठीच्या कण्यातून खाली उतरतो, सगळ्या अवयवांना एकाच वेळी जातो. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात. हार्वर्डच्या वॉल्टर कॅननने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांजरांवर कुत्रे भुंकवले आणि घाबरलेल्या मांजराच्या रक्तात हे ॲड्रेनलिन दाखवून दिलं. लढा किंवा पळा ही कल्पना त्याचीच. त्याच्याही आधी तो क्ष-किरणांखाली मांजराचं पचन बघत बसायचा, आणि मांजर चिडलं किंवा बावरलं की त्याच्या पोटाची हालचाल जागच्या जागी थांबते हे त्याने टिपून ठेवलं होतं.

हे ऐकलं आणि मला आमच्या आजीची आठवण आली. आजी कॅननला ओळखत नव्हती, पण पोटात गोळा येतो हे तिला माहीत होतं. घरी आल्यावर मी वहीत दोन रकाने आखले. तोंडचं पाणी पळतं: लाळग्रंथींचं काम आखडतं, कारण जीव वाचवताना जेवायचं नसतं. पोटात गोळा: आतड्यांकडचं रक्त दुसरीकडे वळतं. हातपाय गार पडतात: कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, रक्त मांड्यांच्या मोठ्या स्नायूंकडे जातं, म्हणजे पळता येईल. पाय लटपटतात: स्नायू पळायला सज्ज झाले आणि आपण बोहल्याशी उभे. घाम फुटतो: इंजिन तापायच्या आत पाणी. डोळे विस्फारतात: बाहुल्या मोठ्या होतात, म्हणून तर व्हिडिओवाल्याचा लाइट हॉलभर पसरला. आपल्या भाषेने हे सगळं फार आधी नोंदवून ठेवलंय. काळजाचं पाणी होणं, एवढ्या एकाच वाक्प्रचाराला मला कुठे आधार सापडला नाही.

खरी गंमत श्वासात आहे, आणि तिथे माझ्यासारखा माणूस पुरता फसतो.

माझा समज असा, की दम कोंडतोय म्हणजे हवा कमी पडतेय. बाईंनी उलटं सांगितलं. हवा जास्त झालेली असते. श्वास वाढला की ऑक्सिजन फारसा वाढत नाही, तो आधीच ९८-९९ टक्के भरलेला असतो. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. शाळेत आपण त्याला टाकाऊ वायू म्हणून शिकलो, पण रक्ताचा आंबटपणा जागेवर ठेवायचं काम तो करतो. रक्ताचा सामू (पीएच) ७.३५ ते ७.४५ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात राहावा लागतो. धापा टाकून कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला की सामू वर सरकतो, म्हणजे आंबटपणा घटतो. त्याबरोबर रक्तात मोकळं फिरणारं कॅल्शियम प्रथिनांना जाऊन चिकटतं, नसा विनाकारण उत्तेजित होतात, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. फारच झालं तर हाताचे स्नायू आखडतात: बोटं सरळ, एकमेकांना चिकटलेली, अंगठा आत. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरच्या हाताची ठेवण अशी असते म्हणून वैद्यकात त्यावरूनच या आखडण्याला नाव पडलंय. माझ्या अक्षता अशा अडकल्या.

मेंदूतल्या रक्तवाहिन्याही कार्बन डायऑक्साइड घटला की आवळतात. चांगली जोरात धाप लागली तर मेंदूकडे जाणारं रक्त साधारण एक तृतीयांशाने घटू शकतं. भोवळ तिथून, पुठ्ठ्याची माणसं बऱ्याच अंशी तिथून. वर आणखी एक खोच अशी, की सामू चढला की हिमोग्लोबिन आपल्याजवळचा ऑक्सिजन पेशींना सहजी सोडत नाही. म्हणजे टाकी काठोकाठ भरलेली आणि नळाला धार बारीक. माणसाला वाटतं टाकी रिकामी, म्हणून तो आणखी पंप मारतो.

"करून बघू या का?" बाई म्हणाल्या. ईसीजी सगळे चांगले होते, दमा नव्हता, म्हणून चालेल म्हणाल्या. त्यांनी माझ्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, मोबाइलवर एक मिनिट लावलं आणि मला तोंडाने जोरजोरात श्वास घ्यायला सांगितलं. वीस सेकंदांत ओठ बधिरले. चाळीस सेकंदांत भिंतीवरचं कॅलेंडर लांब गेलं. मिनिट संपता संपता छाती आवळली, घसा दाटला आणि मी हाताने 'बास' अशी खूण केली. त्यांनी ऑक्सिमीटर माझ्यापुढे धरला. ९९. मी गुदमरून मरत होतो आणि आकडा ९९. मी तो आकडा बराच वेळ बघत बसलो. माझ्या सगळ्या आयुष्यात मीटर खरा आणि ग्राहक खोटा, असंच मी मानत आलोय, पण इथे ग्राहक मी होतो.

हा झटका लवकर का संपत नाही, हा माझा पुढचा प्रश्न. ॲड्रेनलिन रक्तात दोनतीन मिनिटांत निम्मं होतं. मग वीस मिनिटं कोण चालू ठेवतं? त्यावर त्यांनी मला माझ्याच धंद्यातलं उदाहरण द्यायला लावलं. शेतीपंपाच्या फीडरवर लाइट आली, की प्रत्येक विहिरीवरचा ऑटो स्टार्टर एकदम पंप उचलतो. सगळा लोड एका क्षणात येतो आणि नुकताच चार्ज केलेला फीडर पुन्हा पडतो. फॉल्ट कुठेच नाही. पहिला झटका कशानेही लागू शकतो: जागरण, उपाशीपोटी तीन कप चहा, कोंदट हॉल. पण मन त्या धडधडीला 'हार्ट अटॅक' असं नाव देतं, त्या नावाला घाबरून पुन्हा ॲड्रेनलिन सुटतं, धडधड वाढते, म्हणजे नाव खरंच असणार. डेव्हिड क्लार्क या इंग्लिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये पॅनिकची ही साखळी मांडली. पुढे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना नुसत्या शब्दांच्या जोड्या मोठ्याने वाचायला दिल्या, धडधड आणि मरण, दम आणि गुदमरणं अशा. बहुतेकांना वाचता वाचताच झटका आला. हे ऐकल्यापासून मी घरात 'अटॅक' शब्द बंद केला होता. बाई हसल्या. म्हणाल्या, "उलट रोज म्हणा. घासून गुळगुळीत होऊ दे."

बदामाच्या गोष्टीला एक उपकथानक आहे आणि ते मला सगळ्यात आवडतं. अमेरिकेत आयोवाच्या संशोधकांनी अनेक वर्षं अभ्यासलेली एक बाई आहे, शास्त्रीय लेखांत तिला फक्त एस. एम. म्हणतात. एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराने तिचे दोन्ही बदाम नष्ट झालेले. तिला भीती वाटत नाही. साप हातात दिला तर कुतूहलाने कुरवाळते, भुताच्या घरात सगळ्यांच्या पुढे चालते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला मास्क लावून ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदा श्वासात घ्यायला दिली. अपेक्षा अशी, की हिला काय होणार? तिने मास्क ओढायला सुरुवात केली, मदतीला हाका मारल्या. ज्या बाईला साप घाबरवू शकला नाही, तिला पॅनिक अटॅक आला. तसाच बिघाड असलेल्या दोन जुळ्या बहिणींनाही आला. म्हणजे बदामांशिवायही ही घंटा वाजते. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतोय, जीव गुदमरतोय, ही खबर ठेवणारी दुसरी, फार जुनी चौकी खाली मेंदूच्या देठाकडे आहे.

डोनाल्ड क्लाइन नावाच्या न्यूयॉर्कच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९९३ मध्ये असंच काहीसं मांडलं होतं: काहींची गुदमरण्याची घंटा फार हलक्या हाताची असते, खोटीच वाजते. हा तोच क्लाइन, ज्याने १९६० च्या सुमारास इमिप्रामीन हे औषध अशा रुग्णांना देऊन बघितलं होतं. रुग्ण म्हणायचे काही फरक नाही. फरक वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांना दिसला: ही माणसं दिवसातून कितीदा तरी 'मी मरतोय' म्हणत नर्सच्या टेबलाकडे धावत यायची, ती यायची थांबली होती. पॅनिक हा साध्या काळजीपेक्षा वेगळा प्रकार आहे, हे त्यातून पुढे आलं आणि १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचाराच्या अधिकृत सूचीत त्याला स्वतःचं नाव मिळालं. माणसाला हे होत मात्र आलंय फार आधीपासून. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांच्या अशाच धडधडीवर डॉक्टर दा कोस्टांनी १८७१ मध्ये लिहिलं आणि तिला 'चिडकं हृदय' म्हटलं. सैनिकालाही तेव्हा 'काही नाही' म्हणून परत आघाडीवर पाठवत असतील काय, असं मला उगाच वाटून गेलं.

तिसऱ्या भेटीत बाईंनी घरच्यांचं विचारलं. वडील?

वडील १९९७ मध्ये गेले. फेब्रुवारीची रात्र होती. जेवून उठले आणि छाती चोळत म्हणाले, गॅस झालाय. आईने ओवा-मीठ दिलं. ते भिंतीला टेकून बसले. अर्ध्या तासाने म्हणाले, सोडा मिळतो का बघ जरा. मी सायकल काढली. दुकान बंद होतं, मी मालकाला घरून उठवलं, बाटली घेतली. परत आलो तर ते तसेच भिंतीला टेकून बसलेले होते आणि आई त्यांचे तळपाय घासत होती. बाटली उघडायची राहिली. बरेच दिवस ती मोरीच्या फळीवर होती, कोणी हलवेना.

"किती वर्षांचे होते?"

"बावन्न."

"आणि तुम्हाला आता?"

"मे महिन्यात बावन्नावं लागलं."

त्या काही बोलल्या नाहीत. त्यामुळेच हे झालं असंही म्हणाल्या नाहीत. यात आनुवंशिक ओढ असते, स्वभाव असतो, नुसता योगायोग असतो, असं म्हणाल्या. पण मी बसने परत येताना मला आमच्या जुन्या अभियंता साहेबांचं वाक्य आठवत होतं. एका सबस्टेशनला रिले वेळेवर चालला नाही आणि ट्रान्सफॉर्मर जळाला. त्यानंतर तिथल्या लोकांनी सगळी सेटिंग इतकी खाली आणून ठेवली, की ढग गडगडला तरी फीडर पडायचे. साहेब त्यांच्यावर ओरडले नाहीत. म्हणाले, ज्यांनी आग बघितलीय ते असंच करणार. आमच्या घरात एकदा घंटा वाजायला हवी होती आणि सगळ्यांनी तिला गॅस म्हटलं होतं.

म्हणून एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो, आणि कंटाळा येईपर्यंत सांगतो. पहिल्यांदा असं झालं तर घरी बसून पॅनिक आहे की गॅस आहे याचा निकाल लावू नका. दवाखाना गाठा, ईसीजी काढा. हार्ट अटॅक आणि पॅनिक अटॅक यांच्यातला फरक ओळखायच्या ज्या खुणा मोबाइलवर फिरतात, त्यांच्यावर जीव टांगू नये; बायकांत आणि मधुमेहींत हृदयाचं दुखणं वेगळ्याच वेषात येतं. थायरॉइड वाढलं तरी अशी धडधड होते, रक्त कमी असलं तरी होते. हे सगळं बघून झालं, नॉर्मल आलं, आणि तरी झटके येत राहिले, तर मात्र सातवा ईसीजी काढायचा नाही. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय सिनेमात चालतो. दुखणं हृदयाचं किंवा दम्याचं निघालं तर तो अंगाशी येतो. रात्री-अपरात्री नुसतं कोणाशी बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ वर, २०२२ पासून. मराठीत बोलतात. फुकट आहे.

उपचाराचं थोडक्यात सांगतो, कारण ते बघायला कंटाळवाणं आणि करायला अवघड आहे. सेरोटोनिनवर काम करणारी एक गोळी, जिचा गुण यायला काही आठवडे लागले आणि पहिल्या आठवड्यात तर धडधड वाढलीच. बाईंनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून टिकलो. आणि कवायत. जी लक्षणं नकोशी वाटतात तीच मुद्दाम, बेताने अंगावर आणायची. ऑफिसच्या फिरत्या खुर्चीत गरगर फिरायचं, भोवळ येईपर्यंत. सरबताच्या बारीक नळीतून मिनिटभर श्वास घ्यायचा. जिना दोनदा पळत चढायचा आणि धडधड चालू असताना मध्येच थांबून काहीच करायचं नाही. नाडी बघायची नाही, खिशातली गोळी चाचपायची नाही. आमचा शिकाऊ पोरगा मला कंट्रोल रूममध्ये खुर्चीत गरगरताना बघून गेला. त्याने बाहेर काय सांगितलं मी विचारलं नाही. श्वासाचंही एकच शिकलो: घेतो त्यापेक्षा सोडताना जास्त वेळ लावायचा. श्वास सोडताना हृदय आपोआप थोडं संथ होतं, हे नाडीवर बोट ठेवून कोणालाही कळतं. आजी भीती वाटली की मारुतीचं नाव लांबवून घ्यायला लावायची. त्यात मारुतीचा वाटा किती आणि लांबवण्याचा किती, ते आजीलाच ठाऊक.

फेब्रुवारीत खंबाटकीचा बोगदा पार केला, बायको शेजारी. एप्रिलमध्ये न्हाव्याकडे गेलो. त्याने काही न विचारता मानेचं कापड जरा सैल बांधलं. गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं.

२०२४ च्या डिसेंबरात धाकट्या भाचीचं लग्न झालं. कार्यालय दुसरं, मावशी त्याच. ताई म्हणाली, "तुला नको वाटत असेल तर चुलत मामाला उभं करू." मी म्हटलं, बघू. उभा राहिलो. पहिली दोन मंगलाष्टकं नीट गेली आणि मला वाटलं, चला, यंदा सुटलो. तिसऱ्याला पायरी चुकली.

पळायची जागा नव्हती, आणि खरं तर या वेळी मी ती शोधलीही नाही. फ्लॅग बघत राहिलो. धडधड आली. घाम आला. तोंडचं पाणी पळालं. मुंग्या आल्या, पण ओठांपर्यंतच, कारण श्वास मी सोडत होतो. मावशींचा आवाज टाकीत गेला, चौथं कडवं तिथेच घालवून पाचव्याच्या मध्यावर परत बाहेर आला. भीती वाटली का? वाटली. वडील डोळ्यांसमोर आले, भिंतीला टेकलेले. तेही थोडा वेळ तिथेच बसून राहिले. भाचीच्या खांद्यावर हिरवा शालू आणि त्यावर पहिल्या कडव्यांचे पाचसहा तांदूळ अडकलेले, मी ते मोजत होतो.

अंतरपाट खाली गेला. बँड उठला, टाळ्या पडल्या, हार घालून झाले, लोक जेवणाच्या हॉलकडे सरकले, सनईवाल्याने रेकॉर्ड बदलली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मूठ अजून बंदच आहे. उघडून बघितली. उघडली. तांदूळ तळव्याला चिकटलेले, ओले, लाल. मी हात झटकून ते भाचीच्या डोक्यावर टाकले. दोन पडले, बाकीचे हातालाच राहिले.

ती मागे वळली. "मामा, आत्ता?"